साहेबाच्या भाषेतले खलाशी

आमच्या पिढीच्या मराठी मीडियमवाल्यांना इंग्लिश वाक्प्रचार भेटले ते गाइडमध्ये. डावीकडे इंग्लिश, उजवीकडे मराठी अर्थ, मधे बरोबरचं चिन्ह, विषय संपला. लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड बरोबर जंग जंग पछाडणे. बर्न द मिडनाइट ऑइल बरोबर रात्र रात्र जागून अभ्यास करणे. ॲट द इलेव्हन्थ अवर बरोबर अगदी शेवटच्या क्षणी. पहिलीपासून इंग्लिश 2000 साली सुरू झालं, आम्ही त्याच्या आधीचे, म्हणजे पाचवीत एबीसीडी गिरवायची आणि आठवीत एकदम हे सगळं घोकायचं. त्यात चिपळूणकरांचं ते वाघिणीचं दूध सतत कुणीतरी ऐकवायचं, त्यामुळे या भाषेत काहीतरी भारदस्त, राजघराण्यातलं, कोटटायवालं असणार असा एक दरारा बसला तो बसलाच.

आणि गंमत बघा, अकरावाच तास का, बारावा का नाही, हे वर्गात कुणी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. ते बायबलमधलं आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानातली गोष्ट. एका द्राक्षमळ्याचा मालक सकाळी नाक्यावरून मजूर घेऊन येतो, दिवसाचा रोज ठरवतो, मग नऊला आणखी माणसं आणतो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचच्या सुमाराला बघतो तर अजून काहीजण बिनकामाचे उभेच आहेत, त्यांनाही घेऊन येतो. तेव्हा दिवस सूर्योदयापासून मोजायचे, बारा तासांचा, म्हणजे अकरावा तास हा संध्याकाळी पाचचा. सुट्टीला एक तास बाकी. आणि हजेरी वाटताना सगळ्यांना सारखाच रोज! सकाळपासून उन्हात राबलेले चिडले, साहजिक आहे. आता मी नाशिकरोडची. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात सकाळी मजुरांनी भरलेल्या गाड्या मळ्यांकडे जाताना बघत मोठी झालेली. ही गोष्ट आमच्या वर्गात कुणी सांगितली असती तर तो वाक्प्रचार जन्मात कुणी विसरलं नसतं, पण गाइडमध्ये मजूरही नव्हते आणि द्राक्षंही नव्हती, नुसता अकरावा तास होता.

पुढे नोकरीच्या निमित्ताने हीच भाषा दिवसभर कानावर पडायला लागली आणि मला वाचायचा नाद लागला की हे शब्द आले कुठून. तर जितकं वाचत गेले तितकी माझी खात्री होत गेली की जिला आपण साहेबाची भाषा म्हणून घाबरलो तिच्यातले कितीतरी वाक्प्रचार साहेबाने केलेलेच नाहीत. ते बोटीवरच्या खलाशांनी केलेत, पलटणीतल्या साध्या शिपायांनी केलेत, भटारखान्यातल्या लोकांनी केलेत. साहेबाने ते नंतर उचलले, इस्त्री केली आणि आपल्याला परीक्षेला लावले.

आमचं ऑफिसच घ्या. पुण्यात, आयटीत. दर तिमाहीला एक मीटिंग असते तिचं नाव 'ऑल हँड्स'. मोठा हॉल, वर पडदा, खाली आम्ही सगळे, वडापाव. 'हँड' म्हणजे जहाजावरचा कामाचा माणूस, हात म्हणजेच माणूस, त्याला बाकी अवयव असले तर असोत बापडे. वादळ आलं की हाक जायची, ऑल हँड्स ऑन डेक, झोपलेले असाल तर उठा, सगळे वर या. नवीन मुलगी जॉइन झाली की तिचं 'ऑनबोर्डिंग', म्हणजे तिला बोटीवर चढवायचं. काम पूर्ण झालं की 'शिप' करायचं. चाचणीसाठी आधी 'पायलट', हाही मुळात विमानवाला नाहीच, जहाजाला वाट दाखवणारा. आणि कंपनीचं सगळ्यात भारी प्रॉडक्ट म्हणजे 'फ्लॅगशिप', ज्या जहाजावर आरमाराच्या प्रमुखाचं निशाण असायचं ते. समुद्रापासून इतक्या लांब, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले आम्ही लोक दिवसभर जहाजाच्या भाषेत बोलतोय आणि कुणाच्या खिजगणतीतही नाही.

पण या सगळ्यात माझा लाडका शब्द म्हणजे 'लॉगिन'. लॉग म्हणजे ओंडका, एवढं सगळ्यांना माहिती असतं. मग सकाळी सकाळी ओंडका कशाला? तर जुन्या शिडाच्या जहाजांना आपला वेग कळायला साधन नव्हतं. मग काय करायचे, लाकडाची एक फळी घ्यायची, कलिंगडाच्या फोडीच्या आकाराची, तिच्या गोल कडेला शिसं बसवायचं म्हणजे ती पाण्यात आडवी न पडता उभी राहते आणि जागची हलत नाही. या फळीला लांबलचक दोरी, आणि त्या दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर एक गाठ. फळी जहाजाच्या मागून पाण्यात सोडायची. फळी राहते तिथेच, जहाज जातं पुढे, दोरी रिळावरून सरसरत सुटत जाते. एकाच्या हातात वाळूचं घड्याळ, 28 सेकंदांचं. वाळू संपली की तो ओरडणार, दुसऱ्याने दोरी करकचून धरायची आणि हातातून किती गाठी गेल्या ते सांगायचं. सात गाठी गेल्या तर वेग सात नॉट. नॉट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गाठ. ओल्या दोरीने हात सोलवटून निघत असणार, थंडीत तर विचारायलाच नको. मग तो आकडा वहीत उतरवायचा, त्या वहीला नाव पडलं लॉगबुक, मग कुठलीही नोंद करणं म्हणजे लॉग करणं, आणि कॉम्प्युटर आले तेव्हा आत आल्याची नोंद म्हणजे लॉगिन. पासवर्ड चुकला म्हणून आयटी सपोर्टला शिव्या घालताना मला हल्ली तो दोरीवाला डोळ्यासमोर येतो.

शिडाच्या जहाजांनी इंग्लिशला दिलंय ते मोजायला बसलं तर दिवस जाईल. 'टेकन अबॅक' म्हणजे आपण म्हणतो चाटच पडलो, तर तो काय प्रकार, की मागून वारा घेऊन जहाज मजेत चाललंय आणि अचानक वारा फिरतो, नाहीतर सुकाणूवाल्याची डुलकी लागते, आणि वारा शिडाच्या पुढच्या अंगावर आदळतो. शीड उलटं दाबलं जाऊन डोलकाठीला चिकटतं, अख्खं जहाज दचकून थांबतं, कधीकधी डोलकाठी मोडायची सुद्धा. 'बाय अँड लार्ज' आम्ही मेलमध्ये एकूणात, सर्वसाधारणपणे या अर्थाने टाकतो. त्यात 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे जितकं जाता येईल तितकं चिकटून चालवणं, आणि 'लार्ज' म्हणजे वारा मागून, मोकळा. दोन्ही वाऱ्यांत नीट चालणारं जहाज बाय अँड लार्ज चांगलं. सतराव्या शतकापासूनची ही खलाशांची पावती आहे आणि आज ती ॲप्रेझलच्या फॉर्मात सापडते.

दारुड्याला 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणतात ते मात्र ऐकताना फसायला होतं, कारण शीट म्हटलं की कुणालाही चादर किंवा शीडच वाटणार. पण जहाजावर शीट म्हणजे दोर, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा. असे तीन दोर सुटले की शिडं फडाफडा उडणार आणि जहाज झोकांड्या खाणार, झालं चित्र पूर्ण. आपल्याकडे त्याच गड्याचं विमान हवेत असतं. आपण त्याला वर पाठवला, त्यांनी पाण्यात ठेवला, माणूस तोच.

'पाइप डाउन' म्हणजे गप्प बसा. जहाजावर हुकूम शिट्टीने द्यायचे, बोसन नावाचा मुकादम असायचा त्याची एक खास शिट्टी, आणि रात्रीची शेवटची धून वाजली की दिवे कमी, बोलणं बंद, खाली जाऊन झोपा. एवढं.

'स्लश फंड'वर जरा थांबते, कारण पेपरात हा शब्द आला की कुठल्यातरी मोठ्या घोटाळ्याची बातमी असते आणि आपल्याला वाटतं स्विस बँक वगैरे. मूळ आहे बोटीच्या चुलीवर. महिनोन्महिने समुद्रात, तर खायला खारवलेलं मांस. ते मोठ्या हंड्यात उकळलं की वर चरबीचा तवंग जमायचा, तो म्हणजे स्लश. काही डोलकाठ्यांना फासायला, म्हणजे दोर-शिडं सुरळीत सरकतात, आणि उरलेला स्वयंपाकी पिंपात साठवून बंदर लागलं की मेणबत्त्या-साबण करणाऱ्यांना विकायचा. त्या पैशांचा जो गल्ला, तो स्लश फंड. हिशोबाबाहेरचा, पण सगळ्यांना माहिती असलेला. आता आपल्याकडे अशा पैशाला काय म्हणतात? मलिदा! तोही तुपातलाच. आणि मलई खातात तीही वरची. म्हणजे फुकटचा पैसा हा स्निग्ध पदार्थ असतो यावर कोकणापासून इंग्लंडपर्यंत एकमत आहे.

बरं, ही सगळी जहाजं काय इंग्लंडातच बनायची असं नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानाची जहाजं बांधली आणि ती विलायतेतल्या ओकच्या जहाजांपेक्षा जास्त टिकायची अशी त्यांची ख्याती होती. 'ट्रिंकोमाली' नावाचं 1817 साली मुंबईत पाण्यात उतरवलेलं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, तरंगतंय, तिकीट काढून बघता येतं. 'कॉर्नवॉलिस' नावाचं दुसरं, 1813 चं, त्याच्यावर बसून 1842 मध्ये चीनकडून नानकिंगचा तह लिहून घेतला गेला, म्हणजे मुंबईच्या लाकडावर चीनची सही. या जहाजांवर ज्या दोरांना बोली फुटली त्यातला काही दोर तरी आपल्याच किनाऱ्यावर वळला गेला असेल.

आणि माणसंही आपली होती. लास्कर म्हणायचे त्यांना, हिंदुस्थानी खलाशी, त्यात कोकणातले किती तरी. माझी एक मैत्रीण रत्नागिरीकडची, तिच्या घरी अजून 'आजोबा बोटीवर होते' एवढ्या तीन शब्दांत एका माणसाचं अख्खं आयुष्य सांगून टाकतात. इंग्रज कप्तानांना यांच्याशी बोलता येईना, तेव्हा थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्याने 1811 साली कलकत्त्यात चक्क एक इंग्लिश-हिंदुस्तानी जहाजी कोश छापला, कुठल्या दोराला काय म्हणायचं, कुठला हुकूम कसा सोडायचा. म्हणजे गाइड घेऊन घोकंपट्टी करायची पाळी साहेबावरही आलेली होती हे वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. या खलाशांच्या म्होरक्याला सारंग म्हणायचे आणि त्याच्या हाताखालच्याला टिंडल. सारंग आणि तांडेल. आडनावांची यादी काढा आणि बघा.

शिपायांचं खातं वेगळं. 'फ्लॅश इन द पॅन' म्हणजे क्षणभर चमकून गेलेली गोष्ट. जुन्या चापाच्या बंदुकीला बाजूला एक छोटी वाटी असायची, तिच्यात चिमूटभर दारू. चाप ओढला की गारगोटीची ठिणगी तिच्यात पडायची, ती पेटायची, आणि तिची आग बारीक भोकातून आत जाऊन खरा बार उडायचा. कधीकधी नुसती वाटीतलीच दारू भक्कन पेटायची आणि आत काहीच नाही. समोर शत्रू, हातात धूर. मराठीत आपण म्हणतो फुसका बार. यंत्र तेच, फजिती तीच, फक्त त्यांनी त्यातला उजेड लक्षात ठेवला आणि आपण आवाज, म्हणून एक सीझन गाजवून गायब झालेल्या नटाला त्यांचा शब्द जास्त शोभतो आणि निवडणुकीआधी 'उद्या मोठा गौप्यस्फोट करतो' म्हणणाऱ्याला आपला. तसंच 'लॉक, स्टॉक अँड बॅरल', म्हणजे सगळंच्या सगळं, आपल्या बाडबिस्तऱ्यासकट वगैरेच्या जवळ जाणारं, ते बंदुकीचे तीन भाग आहेत, चाप, दस्ता, नळी.

'बाइट द बुलेट' आमच्या मॅनेजरमंडळींचा फार आवडता. खर्च कापायचे असले की हे म्हणायचं, म्हणजे आता नाइलाज आहे, दात-ओठ खाऊन सोसूया. सोसायचं अर्थात खालच्यांनी. आणि त्याची कुळकथाही तशीच निघते. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने बाजारू, शिवराळ इंग्लिशचा कोश केला, त्यात नोंद आहे की काही पलटणींत चाबकाचे फटके खाताना ओरडायचं नाही हा इज्जतीचा प्रश्न असायचा, म्हणून शिपाई तोंडात शिशाची गोळी धरून चावायचे. ओरडला त्याला 'नाइटिंगेल' म्हणायचे, कोकीळ म्हणा ना, गायला लागला म्हणून. हे वाचल्यापासून मीटिंगमध्ये तो शब्द आला की मला चाबूक कुणाच्या हातात आहे तेच दिसतं.

सगळ्याच गोष्टी अशा सरळ निघत नाहीत हेही खरं. 'लूज कॅनन', म्हणजे कधी कुणावर घसरेल याचा नेम नाही असा माणूस, हा तर शंभर टक्के खलाशांचाच वाटतो ना, पण सुटलेल्या तोफेचं ते चित्र लोकांच्या मनात बसलं त्यात मोठा वाटा एका फ्रेंच लेखकाचा आहे. व्हिक्टर ह्यूगोने 1874 च्या कादंबरीत जहाजावर साखळी तुटलेली तोफ इकडून तिकडे धावत माणसं चिरडते असा प्रसंग लिहिला आणि तो जगभर गाजला. प्रत्यक्षातले खलाशी तोफा इतक्या आवळून बांधायचे की सुटायची वेळ क्वचित यायची.

आणि मग लोणकढ्या. व्हॉट्सॲपवर वाक्प्रचारांच्या उगमाचं एक फॉरवर्ड दर पावसाळ्यात फिरतं, की 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' कुठून आलं, तर म्हणे जुन्या इंग्लंडात गवती छपरं असायची, कुत्री-मांजरं उबेला छपरात झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. अरे पण कुत्रा छपरावर चढेल कसा, आणि चढलाच तरी पाऊस आल्यावर बाहेर येईल की आत शिरेल? ही कथा 1999 सालच्या एका ईमेलमधून पसरलेली आहे, 1500 सालचं जीवन असं होतं म्हणून कुणीतरी रचलेल्या थापांची माळ होती ती. जोनाथन स्विफ्टने 1738 मध्ये हे शब्द वापरले ते उच्चभ्रूंच्या गुळगुळीत ठरीव बोलण्याची टिंगल करायला, म्हणजे तेव्हाच ते घिसंपिटं झालेलं होतं. आणि आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडे मुसळधार पडतो. आकाशातून मुसळं. कुणी विचारतं का की ती मुसळं कुठल्या माळ्यावर ठेवली होती?

दुसरी थाप मुंबईशी जोडलेली आहे म्हणून आपल्या लोकांना विशेष आवडते. 'पॉश'. म्हणे विलायतेहून मुंबईला येताना श्रीमंतांची केबिन डाव्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडे, सावलीची, आणि परत जाताना उजव्या बाजूला, म्हणून तिकिटावर पोर्ट आउट स्टारबोर्ड होम, पी ओ एस एच असा शिक्का मारायचे. ऐकायला इतकं चपखल आहे की खोटं असेल असं वाटतच नाही. सावलीचा भाग बरोबरही आहे. फक्त असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. माझं तर सरळ मत आहे, ज्या शब्दाची गोष्ट आद्याक्षरं जुळवून सांगितली जाते ती गोष्ट दारातूनच परत पाठवावी.

अर्धवट खऱ्या गोष्टींचं काय करायचं हा जरा अवघड प्रश्न. 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे काणाडोळा करणे. 2 एप्रिल 1801, कोपनहेगनची लढाई, वरिष्ठाच्या जहाजावरून माघारीचं निशाण लागतं, इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन, त्याचा एक डोळा कॉर्सिकातल्या लढाईत आधीच निकामी झालेला, तो दुर्बीण त्याच डोळ्याला लावतो आणि म्हणतो मला काही निशाण दिसत नाही बुवा. लढाई जिंकली म्हणून ही गोष्ट झाली, हरला असता तर कोर्टमार्शल झालं असतं. आता ती नेमकी अशीच घडली का यावर त्यांच्याकडे वाद आहेत. पण मला आपला 'ध चा मा' आठवतो. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, तो खरा. आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, आणि ज्याने कधी इतिहासाचं पुस्तक उघडलं नाही तोही क्लार्कने सातबाऱ्यावर नाव चुकवलं की ध चा मा केला म्हणतो. वाक्प्रचार एकदा चालू लागला की त्याला पुरावे मागत फिरायला वेळ नसतो.

क्रिकेटबद्दल काय लिहायचं, ते आपल्याला कुणी समजावून द्यावं लागलंच नाही. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हटलं की भिजून उन्हात वाळत आलेली खेळपट्टी आणि मधेच उसळणारा बॉल मैदानावर खेळलेल्या कुठल्याही पोराला कळतो. मराठीत सून सासूला गुगली टाकते, जावई क्लीन बोल्ड होतो, आणि साहेबांची विकेट पडते. गाइड नव्हतं तरी जमलं, कारण बॅट हातात होती.

आता माझ्या गावाकडे येते. नाशिकरोडच्या मुंबईकडचं पुढचं स्टेशन देवळाली. लॅम रोडने गेलं की कॅम्प, तोफखान्याचं ट्रेनिंग सेंटर, मोठमोठी झाडं, जुने बंगले, पारशी लोकांची सॅनिटोरियमं. हवा कोरडी आणि छान म्हणून मुंबईचे लोक पिढ्यानपिढ्या हवापालटाला येतात, डॉक्टरच सांगायचे, जा, देवळालीला महिनाभर राहून या. आणि इंग्लिशमध्ये माणसाचं डोकं फिरलं की म्हणतात, ही हॅज गॉन 'डूलाली'. ते हेच. आमचं देवळाली. विनोद नाही, त्यांच्या डिक्शनऱ्यांत छापलेलं आहे.

झालं असं की 1857 नंतर गोऱ्या पलटणी इथे वाढल्या आणि मुंबई बंदराशी रेल्वेने जोडलेली, थंड हवेची जागा म्हणून देवळालीला लष्कराचा तळ पडला. विलायतेहून आलेले शिपाई आधी इथे यायचे, आणि ज्यांची मुदत संपली ते घरी जायच्या आधी इथेच येऊन थांबायचे. पण बोटी वर्षभर नसायच्या. सैन्य नेणाऱ्या बोटींचा हंगाम साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंत. तो चुकला तर बसा उन्हाळाभर, पावसाळाभर. काम नाही, कवायत नाही, घरची ओढ, हातात साठलेला पगार, जवळ दारू आणि बाजार. वर्षानुवर्षं नाकासमोर चाललेली माणसं इथे येऊन मारामाऱ्या करायची, नको ते रोग घ्यायची, कोठडीत जायची, काहीतरी विचित्र बडबडायची. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने 1936 साली आपल्या आठवणी छापल्या, त्यात त्यानेही याचं खापर या तळावरच्या कंटाळ्यावरच फोडलंय. मूळ शब्द होता 'डूलाली टॅप'. आणि हा टॅप म्हणजे नळ नाही, टिचकी नाही, आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप उतरला, डूलाली राहिली.

मला हे फार पटतं कारण देवळालीच्या दुपारी मी बघितल्यात. मे महिन्यात कॅम्पातल्या रस्त्यावर दोन ते चार एक पान हलत नाही. ज्याला संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परत जायचंय त्याला ती शांतता म्हणजे सुख, पण ज्याची बोट सहा महिन्यांनी आहे आणि तीही नक्की नाही, त्याला तीच हवा खायला उठणार.

या शिपायांनी हिंदुस्थानातून काय काय उचलून नेलं! चिठ्ठीची 'चिट' झाली. देखोचा 'डेक्को', लेट्स हॅव अ डेक्को, म्हणजे बघू तरी. खुशीपासून 'कुशी', आरामाची नोकरी म्हणजे कुशी जॉब. विलायतीचं 'ब्लायटी' झालं, म्हणजे घर, म्हणजे इंग्लंड, आणि पहिल्या महायुद्धात तर खंदकातले शिपाई देवाकडे एक 'ब्लायटी' मागायचे, म्हणजे अशी जखम की जीव जाणार नाही पण घरी पाठवतील. एवढी करुण प्रार्थना आणि शब्द आपल्या बाजारातला. आपल्या 'बाप रे'चं त्यांनी 'बॉबरी' केलं, म्हणजे गोंधळ, आरडाओरडा. आणि मुंगूस तर थेट मराठीतून गेलं, मुंगुसाचं मोंगूस, तेवढं मात्र आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही, कारण बाकीच्या वेळी सगळं श्रेय हिंदी घेऊन जाते. यातला एकही शब्द गव्हर्नरच्या बंगल्यावरून गेलेला वाटत नाही. न्हाव्याशी, धोब्याशी, दूधवाल्याशी घासाघीस करणाऱ्या शिपायाच्या तोंडून गेलेत हे.

आमच्या प्रोजेक्टवर मँचेस्टरकडची एक बाई आहे, मोठी गोड, तिच्या तोंडी 'नॉट बॅड' म्हणजे उत्कृष्ट आणि 'इंटरेस्टिंग' म्हणजे साफ चूक, हे कळायला आमच्या टीमला बराच काळ लागला. मध्यंतरी सर्व्हर काहीच्या काही आकडे दाखवायला लागला तेव्हा ती कॉलवर म्हणाली, इट्स गॉन कम्प्लीटली डूलाली. मी म्हटलं, बाई, ते माझ्या घरापासून पुढचं स्टेशन आहे. तिला वाटलं मी गंमत करतेय, तिच्या मते तो नुसता बालिश, निरर्थक शब्द होता, आजी वापरायची म्हणून तीही वापरते. मी भावाला सांगून स्टेशनच्या पिवळ्या पाटीचा फोटो मागवला आणि चॅटवर टाकला. तर तिकडची सगळी टीम आली बघायला, एकाने तर विचारलं की तिथे राहायची सोय आहे का.

मग तिने विचारलं की तुमच्यात असं म्हणायचं असेल तर काय म्हणतात. मी म्हटलं, आमच्यात अशा माणसाला ठाण्याला पाठवतात, पुण्याकडे येरवड्याला, कारण तिथे मनोरुग्णांची मोठी हॉस्पिटलं आहेत, आणि देवळालीचं मात्र आमच्या कुणाच्या डोक्यातही येत नाही, तिथे आम्ही तब्येत सुधारायला जातो. तिने तेवढ्यात नकाशा उघडला होता. ठाणे आणि देवळाली एकाच लायनीवर आहेत बघून तिला काय हसू आलं, म्हणाली म्हणजे आमचे वेडे घरी जाताना तुमच्या वेड्यांच्या स्टेशनवरूनच जायचे की. आणि विचारते कशी, की डायरेक्ट गाडी आहे का?

म्हटलं, नसली तर कल्याणला उतरायचं आणि मागून येणारी स्लो पकडायची.